दुपट्ट्याखालचं बोट

माझ्या बायोडेटात दोन वर्षं कुठेच नाहीत. मुलाखतीत कोणी विचारलंच, तर ‘घरचं दुकान सांभाळलं’ असं मी सांगत आलो. बायकोलाही हेच सांगितलं आहे, आणि तिने ते इतक्या सहज मान्य केलं की पुढे खरं सांगायची सोयच उरली नाही. त्या दोन वर्षांत मी दुकान सांभाळत नव्हतो. उलट दुकान अर्धं झालं ते माझ्यापायी. त्याचा दोष वर्ध्याजवळच्या आमच्या सेलूच्या लोकांनी ज्या माणसावर टाकला, त्याने मला नेमका उलटा सल्ला दिला होता. हे दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. तो गेला. तेव्हापासून हे मी एकटाच बाळगून आहे.

त्या माणसाला सगळे काकाजी म्हणत. नात्याने ते कोणाचेच काका नव्हते. सेलूच्या बाजारात त्यांची कापसाची दलाली होती, म्हणजे शेतकरी आणि घेणारा यांच्यामध्ये बसून भाव जुळवून द्यायचा धंदा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने कापसाची सगळी खरेदी आपल्याकडे घेतली आणि काकाजींचा धंदा बघता बघता संपला. बाकीच्या दलालांपैकी कोणी खताची एजन्सी घेतली, कोणी किराणा टाकला. काकाजींनी काहीच टाकलं नाही. ते रोज सकाळी दुकानाचं कुलूप काढत, गादीवरची चादर झटकत, उदबत्ती लावत आणि दुपट्टा खांद्यावर टाकून ओट्यावर बसत. घ्यायला काही नाही, विकायला काही नाही; चादर मात्र दर सोमवारी बदललीच पाहिजे. एकदा मी विचारलं, काकाजी, दुकान कायले उघडता? म्हणाले, "बंद ठेवलं तं लोकाले वाटन धंदा बसला."

काकीजींचं म्हणणं वेगळं होतं. "कापूस गेला अन् बोटं राह्यली. आता या बोटाईले मी काय काम देऊ?" बोटांना खरोखरच काम लागायचं. समोर कोणी येऊन बसला की त्याच्या सदऱ्याचं टोक काकाजींच्या दोन बोटांत जायचं, आणि तो बिचारा आपल्या बापाच्या आजारपणाचं सांगत असताना मध्येच काकाजी म्हणायचे, "यात कापूस कमी हाये." एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या कोटाबद्दल हेच सांगितलं होतं, तेही मंगलाष्टकं चालू असताना.

पण रिकाम्या ओट्यावर बसलेल्या माणसाला लोक काहीबाही विचारतातच. कोणी विचारलं, पंप कोणता घ्यावा. कोणी विचारलं, घर घ्यावं की प्लॉट. काकाजी कोणालाच लगेच उत्तर देत नसत. आधी नमुना काढावा लागे. ही पद्धत कापसाची. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, बाजारात आली की वरचा पांढराशुभ्र कापूस ते पाहतच नसत. बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि पोटातून मूठभर काढायचे. ओला, पिवळा, कचऱ्याचा असेल तो तिथे सापडायचा. "वरचा तं तो मले दाखवालेच आणते," म्हणायचे. "दाखवाले आणलेला मी काऊन पाहू?"

हीच रीत त्यांनी साऱ्या जगाला लावली. ती दर वेळी लागू पडत होती असं मुळीच नाही. भाचीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा नवऱ्या मुलाशी ते बोललेच नाहीत. घराच्या पोटातला नमुना म्हणून त्याच्या मधल्या भावाशी तासभर गप्पा मारल्या. मधला भाऊ हिरा होता. लग्न थोरल्याशी झालं, आणि तो दुपारी झोपेतून उठायचा तो चहा झाला का विचारायला. भाची माहेरी आली की काकाजी मागच्या दाराने बाहेर पडत. तरी पद्धत त्यांनी सोडली नाही. म्हणत, नमुना बरोबर होता, गाठ चुकीची बांधली.

दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट समजणार नाही. जुन्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि घेणारा दुपट्ट्याखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा सांगत. भोवतालच्या गर्दीला नुसतं कापड हलताना दिसायचं. ठरलं की घेणाऱ्याने भाव मोठ्याने पुकारायचा. त्याने पुकारलेलं दलाल खोडत नसे, आणि दुपट्ट्याखाली काय झालं ते कोणाला सांगतही नसे. ही रीत बाजारातून कधीच उठली होती. काकाजींच्या ओट्यावर मात्र ती चालू होती, फक्त सल्ल्यापुरती. बी कोणतं पेरायचं हे विचारायला आलेल्या माणसाचासुद्धा हात ते दुपट्ट्याखाली घेत. "दुपट्ट्याखालची गोष्ट मी काकीलेबी सांगत नाई," असं ते अभिमानाने सांगत. काकीजी आतून म्हणत, "मी इचारतच नाई तं सांगन काय?"

ऐंशीच्या आसपास मी वर्ध्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो आणि मॅनेजमेंट शिकायचं डोक्यात घेतलं. हा शब्द सेलूत तेव्हा नवा होता. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दुकान चालवणंच न? ते तं मी तुले फुकटात शिकवतो." पण मुलगा शिकतो म्हणतो हे त्यांना आतून आवडलं होतं. परवडलं पाहिजे, एवढी एकच अट. परवडणारं कोणतं आणि नुसतं स्वस्त कोणतं, हे कळायला बाबांपाशी एकच माणूस होता. ते मला घेऊन ओट्यावर गेले.

काकाजी हरखले. पंप आणि बैल पाहून ते कंटाळले असावेत. "कॉलेजात हात घालून पाह्यला नाई अजून," म्हणाले.

पाहायची होती तीन. पहिलं नागपूरला, विद्यापीठाचंच, संध्याकाळी भरणारं. दुसरं वर्ध्यातच नवं निघालेलं. तिसरं पुण्याला, एक खाजगी संस्था. तिचं माहितीपुस्तक माझ्या उशाशी असायचं. त्याच्या गुळगुळीत कागदाला काकीजींनी हात लावून पाहिला आणि विचारलं, यात साडी मिळते काय?

वर्ध्याचं कॉलेज एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. आम्ही गेलो तेव्हा खाली लग्न होतं, म्हणून वर सुट्टी होती. काकाजींनी कॉलेजची चौकशी करता करता वरपक्षाची चौकशी केली, आणि आम्ही जेवून परत आलो. बाबांनी विचारलं, कसं काय कॉलेज? "जिलबी चांगली होती," काकाजी म्हणाले.

नागपूरला गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जुनी इमारत, झरोक्यात कबुतरं, बाकांना वर्षानुवर्षांची नावं कोरलेली. फळ्यासमोर चपला घातलेले एक प्राध्यापक बोलत होते आणि समोर बँकेतले, रेल्वेतले, विमा कचेरीतले लोक डबे पायाशी ठेवून बसले होते. मला ते पाहूनच उदास वाटलं. मॅनेजर व्हायला निघालेली माणसं अशी दिसतात? काकाजी मागच्या भिंतीला टेकून तास संपेपर्यंत उभे राहिले. इंग्रजीतलं त्यांना अवाक्षर कळलं नसणार. मग मधल्या बाकावरच्या एका कारकुनाला त्यांनी बाहेर चहा पाजला, त्याच्या शर्टाचं टोक धरलं आणि त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. फी किती, मास्तर येतात का, पास होऊन कोण कुठे लागलं. परतीच्या एस.टी.त मला म्हणाले, "दिवसभर राबून आलेले लोकं होते बाबू. झोप यायले पाह्यजे होती. आली नाई. म्हणजे मास्तर काहीतरी देऊन राह्यला." मी खिडकीबाहेर पाहत होतो.

पुण्याला तर कारंजं होतं. हिरवळ होती. मुलांच्या गळ्यात टाय होते. मुली इंग्रजीत हसत होत्या, आणि त्यातल्या एकीने मला ऑफिसची वाट दाखवली. संचालकांनी कपबशीतून चहा दिला आणि संस्थेबद्दल बोलले. काकाजींनी एक मधला विद्यार्थी मागितला. पहिला नको, नापासही नको. संचालकांनी हसून घंटी वाजवली आणि पहिल्या आलेल्या मुलाला बोलावलं. काकाजींनी हात जोडून सांगितलं, "हा वरचा हाये साहेब. याले तुमी दाखवालेच ठेवलं." आणि उठले. मला इतकी लाज वाटली की मी चहा अर्धा ठेवला.

वसतिगृहाच्या मागे नळावर एक मुलगा शर्ट धूत होता. यवतमाळकडचा निघाला. आपली बोली कानावर पडताच त्याचा बांध फुटला. शिकवणारे टिकत नाहीत, म्हणाला. पदवी नाही, संस्थेचाच डिप्लोमा आहे. विद्यापीठाची मान्यता येणार आहे असं तो आला तेव्हापासून ऐकतो आहे. कारंजं पालक आले की सुरू करतात. काकाजींनी दोरीवर वाळत घातलेल्या त्याच्या टायचं टोक दोन बोटांत धरलं. मी ते सगळं ऐकलं. मला ऐकू आलं नाही असं मी आजही म्हणू शकत नाही. मी हातभर अंतरावर उभा होतो.

काकाजींच्या निकालाच्या दिवशी ओट्यावर बरीच माणसं जमली होती. सेलूत अशा गोष्टीला माणसं जमतात. बाबा स्वच्छ धोतर नेसून आले होते. काकाजींनी मला समोर बसवलं. बाबांना वाटलं होतं, हात आपला घेतील. काकाजी म्हणाले, "पैसे तुमचे भाऊ, पण माल घेणारा हा हाये. बोट त्यालेच." त्यांनी आधी सगळ्यांना समजावून सांगितलं: एक बोट नागपूर, दोन वर्धा, तीन पुणं. मग आमच्या हातांवर दुपट्टा टाकला.

त्यांनी माझं एक बोट धरून दाबलं. करंगळीशेजारचं. खसखशीएवढीही शंका राहू नये असं दाबलं.

बाबांनी विचारलं, "बोल, कोणतं?"

त्या क्षणी मला कबुतरं दिसली. डबे पायाशी ठेवलेले कारकून दिसले. आणि कारंजं दिसलं.

"पुणं," मी म्हणालो.

दुपट्टा अजून आमच्या हातांवरच होता. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. भाव भलताच पुकारला गेला की दलाल पाहतो तसं. मग कापडाखाली त्यांनी तेच बोट पुन्हा दाबलं, आणि हळू आवाजात विचारलं, "पक्कं?"

मी हात काढून घेतला आणि म्हणालो, "पक्कं."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे पुण्याचं तुम्हाला पटलं न, अशा नजरेने. काकाजींनी तेव्हा एक शब्द बोलायचाच काय तो अवकाश होता. त्यांनी दुपट्ट्याची घडी घातली, ती पुन्हा मोडली, पुन्हा घातली. लोक उठले. मला खात्री होती की आज ना उद्या ते बाबांना गाठतील. मी जायच्या दिवसापर्यंत त्यांची वाट चुकवत राहिलो. त्यांनी गाठलं नाही. घेणाऱ्याने पुकारलेलं दलाल खोडत नाही, या मूर्ख नियमासाठी एका शहाण्या माणसाने माझं खोटं आपल्या नावावर घेतलं. की माझ्यासाठी घेतलं? हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

पुण्याच्या फीसाठी बाबांनी दुकानाचा अर्धा गाळा सायकलवाल्याला विकला. मध्ये भिंत आली. त्यानंतर पूर्ण साडी उलगडून दाखवायला दुकानात जागा उरली नाही. बाबा ती तिरकी उलगडायचे, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, काठ तिकडून पाहा बाई, पदर इकडून. पलीकडून पंक्चरच्या टबात बुडबुडे निघाल्याचा आवाज येई.

पुण्याचं पुढे काय झालं ते यवतमाळच्या मुलाने आधीच सांगितलेलं होतं. मी टाय घेऊन परत आलो. नागपूरच्या एका बँकेत साहेबांनी माझा डिप्लोमा उलटापालटा करून विचारलं, विद्यापीठ कोणतं? मी म्हणालो, मान्यता येणार आहे.

बाबा मला काही बोलले नाहीत. काकाजींनाही नाही. फक्त दुकानाला जाताना ओट्यावरून जायचे ते मागच्या गल्लीने जाऊ लागले. गावाला तेवढं पुरलं. कापसातला माणूस, त्याले कॉलेजातलं काय समजते, असं लोक म्हणायला लागले. ओट्यावरची गर्दी पातळ झाली. पण मोडली ती आर्वीच्या एका व्यापाऱ्यामुळे.

माझ्या मागोमाग त्या व्यापाऱ्याने आपला मुलगा त्याच संस्थेत घातला होता. काकाजींनी पारखलेली, एवढ्याच भरवशावर. काकाजींना त्याने विचारलंही नव्हतं. मुलगा परत आल्यावर तो आर्वीहून एस.टी.ने आला, ओट्यासमोर उभा राहिला आणि बाजार ऐकेल अशा आवाजात बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "सरकारनं तुमची दलाली बंद केली थे बेसच केलं. उशीरच केला."

मी तेव्हा गादीवर बसलेलो होतो. काकीजींनी काही कामासाठी बोलावलं होतं. काकाजींनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटतं, मुद्दामच पाहिलं नाही. त्यांनी व्यापाऱ्याला पाणी दिलं. "तुमचं नुकसान झालं हे खरं हाये," म्हणाले. त्याने पाणी घेतलं नाही. तो गेल्यावर पेला तसाच ओट्यावर राहिला, आणि मी तो उचलून आत नेऊन ठेवला. माझ्याने झालं ते एवढंच.

पुढे मी नागपूरला एका दुकानात हिशेबनीस म्हणून लागलो आणि संध्याकाळी त्याच कबुतरांच्या इमारतीत जाऊ लागलो. डबा पायाशी ठेवून बसू लागलो. चपला घातलेले प्राध्यापक तेच होते. खरंच झोप येत नसे. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, आणि सेलूत माझं कौतुक झालं. पोरगं काकाजीच्या नादानं बुडालतं, पण स्वतःच्या डोक्यानं नागपूर धरलं अन् वर आलं, असं ते कौतुक होतं. बाबाही तेच म्हणायचे, आणि तसंच समजून गेले.

पदवीचे पेढे घेऊन मी ओट्यावर गेलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. उदबत्ती जळत होती. चादर पांढरी होती; सोमवार असावा. काकाजींनी पेढा दोन बोटांत दाबून पाहिला आणि मग तोंडात टाकला. मी खाली मान घालून बसलो. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्या हातावर टाकला, आणि खाली तेच बोट धरून दाबलं.

"बाजार उठल्यावर पुकारला तुनं," म्हणाले, आणि हसले. खोकला येईपर्यंत हसले.

मी म्हणालो, काकाजी, मी सांगतो सगळ्यांना. बाबांना, आर्वीवाल्यांना, सगळ्यांना.

"मी सांगू शकत नाई. तू घेणारा हायेस, तुले चालते." दुपट्टा परत खांद्यावर टाकत ते म्हणाले, "सांगजो कधी. घाई नाई."

आतून काकीजींनी विचारलं, काय खुसुरफुसुर चाल्ली? "काई नाई," काकाजी म्हणाले, "पोराच्या शर्टात कापूस हाये म्हणतो."

घाई नाही हे मी फार मनावर घेतलं. आधी नोकरी नवी होती, मग लग्न ठरत होतं, मग बाबा आजारी होते. काकाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होतो, कारण तोवर मी मॅनेजमेंट शिकवायला लागलो होतो. हो, मी आता एका खाजगी संस्थेत शिकवतो. आमचं माहितीपुस्तक गुळगुळीत असतं. प्रवेशाच्या दिवसांत खेड्यांतून आलेले बाप टोपी हातात घेऊन माझ्यासमोर बसतात आणि विचारतात, साहेब, परवडन न? मी घंटी वाजवतो आणि पहिल्या आलेल्या मुलाला बोलावतो. नमुना कसा घ्यावा हे शिकवताना मी वर्गात सांगतो की हात कोपरापर्यंत आत घाला, वरचं पाहू नका. मुलं हसतात, लिहून घेतात. त्यांना वाटतं हे माझं आहे.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं, असं मला आज सकाळपर्यंत वाटत होतं. पण या लेखात मी काकाजींचं नाव घातलेलं नाही, आणि माझंही नाही. हेही दुपट्ट्याखालीच झालं. ओटा अजून आहे. त्यावर आता मोबाइलचं दुकान आहे, आणि समोर माणसं असतात. आर्वीची, सेलूची, त्यांना ओळखणारी काही अजून आहेत. काकाजींनी मला एक बोट दाबलं होतं आणि मी तीन पुकारलं, हे तिथे उभं राहून, त्यांचं नाव घेऊन, माझ्या तोंडाने मोठ्याने सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.